हेंकी सरांची दाढी

मागच्या वर्षी हेंकी सरांनी डुकराच्या पिल्लाचा मुका घेतला होता. त्याच्या आदल्या वर्षी ते सगळ्या शाळेसमोर गार मॅकरोनीने भरलेल्या टबात बसले होते. वेल्डनच्या मिडल स्कूलमध्ये ही जुनी रीत होती. एप्रिलात राज्याची परीक्षा आली, की मुलांना चेव यावा म्हणून मुख्याध्यापकांनी काहीतरी पणाला लावायचं. तेव्हा अटही सोपी असायची. सगळी मुलं परीक्षेला हजर राहिली की झालं.

यंदा मात्र हजेरीवर भागणार नव्हतं. राज्याने शाळेला ‘डी’ दर्जा, म्हणजे नापासाच्या जेमतेम वरचा, दिला होता आणि गावच्या पेपरात तो पहिल्या पानावर आला होता. बास्केटबॉलच्या सामन्याला शेजारच्या गावची पोरं पुठ्ठ्याचे मोठमोठे ‘डी’ कापून घेऊन आली आणि आपली मुलं बास्केट टाकायला गेली की ते नाचवायला लागली. त्यामुळे यंदाची अट अशी ठरली, की आठवीची सत्तर टक्के मुलं गणितात पास झाली पाहिजेत.

जिममध्ये सभा भरली. सरांनी माइक हातात घेऊन विचारलं, “मग, मी काय करू?”

सगळ्यात वरच्या बाकावरून आठवीतली इत्सेल म्हणाली, “दाढी काढा.”

मग सगळं जिमच पाय आपटत ‘दाढी, दाढी’ म्हणायला लागलं. बाक हलायला लागले. त्या गलक्यात सरांच्या तोंडून “बरं, दाढी” असं निघून गेलं, आणि एकदा माइकवरून गेलेलं परत घेता येत नाही.

दाढीचं असं होतं. सरांची बायको मार्लिस याच शाळेत गणित शिकवायची. दर रविवारी ती मागच्या ओसरीत सरांना खुर्चीवर बसवायची, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळायची आणि शिवणाच्या कात्रीने दाढी नीट करायची. दोन हिवाळ्यांपूर्वी मार्लिस गेली. तेव्हापासून कात्री खणात होती आणि दाढीला कुणाचा हात लागला नव्हता. ती आता शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत आली होती. सूप पिताना ती एका हाताने बाजूला धरावी लागे. मुलं सरांना सांताक्लॉज म्हणत. सर हसत आणि पुढे जात. कारण कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

आता मोठी पंचाईत झाली. शाळेत असताना सरांना वाटे, मुलांनी गणितात कमाल करावी. घरी आरशासमोर उभं राहिलं की वाटे, कमाल करावी, पण अगदी थोडी.

परीक्षेचं सगळं पॉलेट बघायची. एरवी ती मुलांची समुपदेशक होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गांच्या भिंतींवरचे तक्ते, पाढे, सूत्रं असं सगळं खाकी कागदाने झाकायचं, हा राज्याचा नियम. पॉलेट कागदाची गुंडाळी काखेत मारून वर्गावर्गातून फिरत होती. मार्लिसच्या जुन्या वर्गापाशी सर दारातच उभे होते.

“हा मी करतो,” सर म्हणाले.

“लोवेल, तुला साधी भेट कागदात बांधता येत नाही.”

“भिंत बांधता येईल.”

पॉलेटने त्यांच्याकडे बघितलं आणि गुंडाळी देऊन टाकली.

सरांनी एकट्याने वर्ग झाकला. मार्लिसच्या हातचे तक्ते अजून तसेच होते. नव्या मास्तरांनी ते काढले नव्हते. सर एकेक वाचत, थांबत, चिकटपट्टी लावत गेले. काम संपलं तेव्हा वर्ग पार्सलासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता. मुलांना सकाळी अंडी आणि दलिया मिळाला, दारात प्रत्येकाच्या हातावर पेपरमिंटची गोळी पडली आणि सगळी आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसली. सर चवड्यांवर चालत वर्गावर्गात डोकावत होते. मार्लिसच्या वर्गाशी आले तेव्हा आत इत्सेल मान मागे टाकून छताकडे बघत होती. मग तिने मान खाली घेतली आणि भराभरा टाइप करायला लागली. तेवढ्यात तिच्या मागच्या मुलाची मान वर गेली. मग खिडकीजवळच्या दोघींची. पाणी पिणाऱ्या कोंबड्यांसारख्या एकामागून एक माना वर जात होत्या आणि खाली येत होत्या.

सरांना हसू आलं. ही मार्लिसचीच सवय. “अडलं की वर बघा,” असं ती मुलांना सांगायची. वर बघितलं की श्वास मोकळा होतो आणि डोकं चालतं, असं तिचं म्हणणं. या मुलांना सहावीत तीच होती. अजून विसरली नाहीत, म्हणून सरांना बरं वाटलं, आणि त्यांनी सहज स्वतःही वर बघितलं.

छताच्या एका टाइलवर भलामोठा पिझ्झा रंगवलेला होता. त्याच्या कडेने गोल फिरवून, लाल अक्षरांत, वर्तुळाच्या परिघाचं आणि क्षेत्रफळाचं सूत्र लिहिलं होतं. अक्षर मार्लिसचं होतं.

सरांच्या तोंडातली गोळी तशीच राहिली. त्यांनी चारी भिंती झाकल्या होत्या, दारसुद्धा झाकलं होतं. छताचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पेपर संपल्यावर त्यांनी पॉलेटला ऑफिसात गाठून सगळं सांगितलं. ती खाली बसली.

“कुणी बघितलं?”

“सगळ्यांनी. माना मोडेपर्यंत.”

“म्हणजे शाळेबाहेरच्या कुणी नाही,” पॉलेट म्हणाली. “शिपाई गस शिडी आणेल आणि टाइल उलटी करेल. विषय संपला.”

“कळवावं लागेल, पॉलेट.”

“कळवलंस तर त्या वर्गाचा पेपर रद्द होईल. तो आपला सगळ्यात हुशार वर्ग आहे. ‘डी’ गेला तर त्या वर्गामुळेच जाईल.” ती थोडी थांबली. “आणि रद्द झाला तर तुझी दाढी मात्र शाबूत.”

सरांचा हात दाढीवर गेला. हाच विचार त्यांनाही जिन्यातच आला होता. खरं सांगायला जावं तर त्यात स्वतःचाच फायदा, असला खरेपणा त्यांनी जन्मात केला नव्हता. गप्प बसावं तर चोरी, बोलावं तर लबाडी. मार्लिस असती तर पोट धरून हसली असती, आणि हसून झाल्यावर फोन त्यांच्या हातात दिला असता.

सरांनी फोन उचलला.

राज्याच्या ऑफिसने पेपर रद्द केला आणि पुढच्या आठवड्यात नव्या प्रश्नांचा पेपर लायब्ररीत घ्यायला सांगितलं. सर स्वतः वर्गावर जाऊन मुलांना हे सांगून आले. मुलं चिडली.

“आम्ही काय केलं?” मागून एकजण म्हणाला. “मिसेस हेंकींनीच सांगितलं होतं वर बघायला.”

“तुमची काही चूक नाही. चूक माझी. झाकायचं काम मी घेतलं होतं.”

इत्सेल हाताची घडी घालून बसली होती. तिची आई गावात केस कापायचं दुकान चालवायची, आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून मुलीचीही भीड चेपली होती.

“सर, खरं सांगा. दाढीसाठी केलंत ना?”

सरांनी खोटं बोलायचं ठरवलं असतं तर ते त्यांना जमलं असतं.

“थोडं तेही असेल,” ते म्हणाले. “किती, ते मलाच कळत नाही.”

हे उत्तर तिला अपेक्षित नसावं. तिने घडी सोडली.

“मग पिझ्झा आणा,” ती म्हणाली. “खरे. पेपरापर्यंत रोज. म्हणजे कळेल तुम्ही कुणाच्या बाजूने आहात.”

सर पूर्वी व्यायाम शिकवायचे आणि गणितात ते पहिल्यापासून ढ. शाळा सुटल्यावर ते खोकी घेऊन येत आणि मुलं त्यांना शिकवत. इत्सेल मोजपट्टी चीझवर ठेवून विचारी, “सर, कडेचं माप सांगा.” सर चुकले की त्यांचा तुकडा जप्त होई. पहिल्या दिवशी ते उपाशी घरी गेले. शेवटी शेवटी पेपरोनीसकट अर्धा पिझ्झा मिळवायला लागले, आणि मुलांना सगळं तोंडपाठ झालं, कारण सरांना तेच तेच सांगावं लागत होतं.

पेपराच्या दिवशी सर लायब्ररीच्या दाराशी उभे राहिले. आत नुसता कीबोर्डचा टकटक आवाज होता. मग इत्सेल थांबली आणि तिची मान मागे गेली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. लायब्ररीचं छत कोरं पांढरं होतं. सरांनीही बघितलं. काही नव्हतं. मुलं थोडा वेळ त्या कोऱ्या छताकडे बघत राहिली, मग खाली वाकली आणि टाइप करायला लागली. सर बाहेर जाऊन उगाच नळाचं पाणी प्यायले.

निकाल शाळा सुटायच्या आठवड्यात आला. एकाहत्तर टक्के. पॉलेटने तो माइकवर वाचला आणि जिममध्ये जो आवाज झाला, तो म्हणे रेल्वेच्या फाटकापर्यंत गेला.

मधोमध खुर्ची ठेवली होती. दाढी कुणी कापायची यावर मतदान झालं होतं आणि त्यात इत्सेलच निवडून आली होती. तिने आईच्या दुकानातून मशीन आणलं होतं. सर बसले आणि त्यांनी खिशातून शिवणाची कात्री काढली.

“आधी हिने,” ते म्हणाले.

इत्सेलने कात्री उलटसुलट बघितली. “ही केस कापायची नाही, सर. ही कापडाची.”

“माहिताय. चालते.”

तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. टॉवेल उचलला, गळ्याभोवती गुंडाळला आणि मागे नीट खोचला. आपल्या आईसारखं तिने बोटांत दाढी धरून पाहिली. ‘दाढी, दाढी’ म्हणणारी मुलं बाकांवरून पुढे वाकून बघायला लागली.

“काही राहू द्यायची का सर, हनुवटीवर?”

“नको. अट म्हणजे अट.”

“मग हलू नका.” तिने दोन बोटांनी त्यांची हनुवटी उचलली. “वर बघा.”

सरांनी वर बघितलं. कात्री चालायला लागली. छताच्या लोखंडी तुळयांत कुणाचा तरी पिवळा व्हॉलीबॉल अडकलेला होता, कधीपासून कोण जाणे. सर त्याच्याकडे बघत राहिले.