सोळाच्या घरातली चूक

मी बोलतोय, पण तळघरातून. तेव्हा आवाज जरा बसका आला तर सांभाळून घ्या. डावीकडे बिअरची पिंपं, उजवीकडे एक चेपलेली बादली आणि मधे भिंतीला टेकून मी, डेप्टफर्डच्या बाजारामागच्या 'लेम गूज' पबचा डार्टबोर्ड. माजी डार्टबोर्ड म्हणा हवं तर. सात वर्षं वर भिंतीवर होतो आणि सातही वर्षं लोकांनी मला बाण मारले. त्याबद्दल तक्रार नाही. बाण मारून घ्यायलाच माझा जन्म झाला.

माझं अंग घायपाताचं. धागे उभे रचून, घट्ट दाबून त्यांना लोखंडी कडं घातलेलं. बाण शिरतो तो दोन धाग्यांच्या मधून. उपसला की धागे आपले पुन्हा एकमेकांना बिलगतात, भोक म्हणून उरत नाही. या गोष्टीचा मला पूर्वी फार ताठा होता.

तो ताठा पहिल्याच रविवारी उतरला. झालं असं, की माझ्याआधी या भिंतीवर एल्मच्या लाकडाचा बोर्ड होता, मालकीणबाई नोराच्या वडिलांच्या वेळचा. लाकडी बोर्ड आठवड्यातून एकदा रात्रभर पाण्यात ठेवावा लागतो, नाहीतर लाकूड सुकतं आणि भोकं तशीच राहतात. हे काम वीस वर्षं विल्फ हॅस्किन्सकडे होतं. विल्फ म्हणजे गूजच्या डार्ट-संघाचा कप्तान, धंद्याने खिडक्यांना काचा बसवणारा, सूतभर इकडेतिकडे झालेलं न खपणारा माणूस. रविवारी दुपारी पब बंद झाला, की तो बोर्ड काढायचा आणि तळघरातल्या टबात ठेवायचा. मी आलो त्या रविवारीही त्याने हात सवयीने वर नेला, मला उतरवलं आणि टबात तिरपं सोडून दिलं.

सोमवारी नोराने मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"विल्फकाका, हा लाकडाचा नाहीये. घायपाताचा आहे. मागे ढळढळीत लिहिलंय, पाणी लावू नका."

"मी काचा बसवतो, पोरी. बोर्ड वाचत बसत नाही," विल्फ म्हणाला. पण मान वर करून बघेना.

तीन दिवस मला बॉयलरशेजारी वाळवलं. बाकीचा सुकलो, पण खाली डाव्या अंगाला, माझ्या वीस घरांपैकी सोळाच्या घरात, पोट सुटलं ते सुटलंच. पुढची सात वर्षं पबात पाऊल टाकलं की विल्फला एकच प्रश्न. "काय रे, आज बोर्डाला साबण लावलास की नाही?" तोही हसायचा. अशा टोमण्यांशिवाय पबात जागा पक्की होत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

त्या पोटाने एक गंमत झाली. बाकी कुठेही बाण लागला की 'टक' वाजतं. सोळाच्या घरात 'भद्द' वाजायचं. मी आवाज दाबायचा प्रयत्न करायचो, पण पोट माणसाचं काय आणि बोर्डाचं काय, लपत नाही.

आमच्याकडे मंगळवारी सामना. दुसऱ्या एखाद्या पबचा संघ यायचा, नोरा त्यांच्यासाठी चीज-कांद्याची सँडविचं कापून ठेवायची. खेळ सोपा आहे. बाण लागेल त्या घराचा आकडा वजा करत पाचशे एकवरून खाली यायचं, बरोबर शून्यावर, आणि शेवटचा बाण कुठल्यातरी घराच्या बाहेरच्या बारीक पट्टीतच लागायला हवा. तिथे दुप्पट धरतात. विल्फ नेहमी बत्तीस शिल्लक ठेवायचा, म्हणजे शेवट सोळाच्या पट्टीवर.

माझ्या शेजारी खडू घेऊन आकडे लिहायला उभा असायचा क्लिफ्टन ब्रेथवेट. बार्बाडोसहून आलेला, सगळी नोकरी बसवर तिकीट-तपासनीस म्हणून केलेली. सगळे त्याला इन्स्पेक्टर म्हणायचे. याने एकदा सख्ख्या मेहुण्याला विनातिकीट म्हणून बसमधून उतरवलं होतं, आणि त्याच संध्याकाळी त्याच्याकडे जेवायलाही गेला होता. खडू धरणाऱ्याचा नियम असा, की विचारलं तर किती उरलेत ते सांगायचं, पण बाण कुठे मारायचा याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. क्लिफ्टन तर कुठे मारायचा तिकडे बघायचासुद्धा नाही.

विल्फची बायको मेबल गेली, त्यानंतर तो इतर दिवशी दाढीसुद्धा करीनासा झाला. मंगळवारी मात्र गुळगुळीत दाढी, स्वच्छ कॉलर, बरोबर साडेसहाला हजर. बाकी आठवडा तो त्या एका दिवसासाठी ढकलायचा, असं मला वाटतं.

दोन हिवाळ्यांमागे त्याचे बाण बिघडले. सरळ नेमाचा माणूस, पण बाण विसाच्या घरातून पाचात, पाचातून भिंतीवर. मग त्याने एक नवीनच खोड काढली. मारताना तोंड जरासं बारकडे वळवायचा.

"समोर बघ की म्हाताऱ्या," क्लिफ्टन म्हणाला. "नोरा काही पळून जात नाही."

सगळा पब हसला. विल्फही हसला. पण मला जे माहीत होतं ते त्या हसणाऱ्यांना कुठलं माहीत? दुसऱ्या दिवशी पब उघडल्या उघडल्या तो एकटाच आला. बाण मारले, जवळ आला आणि ते कुठे लागलेत हे माझ्या घरांमधल्या तारांवरून बोटं फिरवून शोधायला लागला.

"तुझा मधला भाग कुठे गेला रे?" तो मला हळूच म्हणाला. "कडेने दिसतोस. जिथे सरळ बघावं तिथे नुसतं धुकं. डॉक्टर म्हणतो, वाढतच जाणार."

मग त्याने पुन्हा बाण मारले आणि कान दिला. टक. टक. भद्द. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलो नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी आमचा हाच अभ्यास. भद्द वाजलं म्हणजे सोळा, तिथून विसापर्यंत हात किती उचलायचा, एकोणिसासाठी किती खाली आणायचा, सगळं त्याने आवाजावर बसवलं. ज्या चुकीपायी इतकी वर्षं टोमणे खाल्ले, तीच त्याला आंधळ्याच्या काठीसारखी उपयोगी पडली. त्याने कुणाला सांगितलं नाही. "कळलं तर मला खुर्चीत बसवतील आणि सँडविचची बशी हातात देतील," तो म्हणाला. "मग मंगळवार गेलाच म्हणून समज."

हे गुपित फक्त त्याचं आणि माझं होतं. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

या फेब्रुवारीत मात्र पाहुण्या संघाने तक्रार केली. लीगचा चिटणीस आला, मोजपट्टी माझ्या पोटावर आडवी धरली आणि म्हणाला, "बोटभर फुगलाय. नवा लावा, नाहीतर इथले सामने बंद."

"लावू की," नोरा म्हणाली.

"सात वर्षं चाललं ना?" विल्फ एकदम तडकला. "आत्ताच काय धाड भरली त्याला?"

"अहो काका, भिजवला कुणी?"

सगळे खो-खो हसले. विल्फ पहिल्यांदाच हसला नाही.

शनिवारी मला उतरवून कोटांच्या खुंट्यांखाली टेकवलं आणि माझ्या जागी नवा आला, गुळगुळीत, सपाट. चिटणिसाने त्याला पट्टी लावली, सही केली आणि गेला. मग विल्फ बाण मारायच्या रेघेवर उभा राहिला. टक, टक, टक. बाण काढले, पुन्हा मारले. टक, टक, टक. सहाही बाण कुठे लागले, त्याला काही कळेना. तो जवळ गेला, बोटांनी चाचपलं, बाण काढले, डबीत ठेवले आणि डबी नोरापुढे बारवर सरकवली.

"मंगळवारी दुसरं कुणी बघ. माझा खांदा धरलाय."

क्लिफ्टन खडूने माखलेली बोटं पुसत उभा राहिला. मला त्याचा असा संताप आला! दोन वर्षं हातभर अंतरावर उभा राहतोस, मेहुण्याच्या खिशातलं नसलेलं तिकीट तुला दिसतं, आणि हे दिसत नाही? खरा आंधळा तू. पण बोर्डाचं ऐकतो कोण? मला उचललं आणि इथे आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी वरची पावलं थांबली, दाराला कडी लागली. थोड्या वेळाने जिन्यावरून क्लिफ्टन खाली आला. चर्चचा सूट अंगावर, बाह्या दुमडलेल्या, काखेत नवा बोर्ड. त्याने तो पिंपावर आडवा ठेवला. टॉवेल बादलीत बुचकळला, पिळला आणि बरोबर सोळाच्या घरावर घडी करून ठेवला. मग माझ्याकडे आला, माझ्या पोटाची जाडी बोटांनी मोजली आणि परत जाऊन टॉवेल थोडा खाली सरकवला.

जिन्यावर नोरा उभी होती, हातात भाजलेल्या बटाट्यांची बशी.

"इन्स्पेक्टर, हे काय चाललंय?"

"बोर्ड भिजवतोय."

"तो घायपाताचा आहे."

"असं का? मला वाटलं लाकडाचा." आयुष्यातलं पहिलंच खोटं असावं, आवाज पार चिरकला.

नोरा पायरीवर बसली. "कधीपासून माहितीये तुम्हाला?"

"दोन हिवाळे. तुला?"

"तेवढेच. ते रेघेवर आले की मी गाणी बंद करते, ती काय वीज वाचवायला? आणि कोपऱ्यातली मंडळी बघा. ग्लास टेबलावर टेकवत नाहीत, हातात धरून बसतात. आवाज नको म्हणून."

मी गार पडलो. दोन वर्षं मला वाटत होतं, पबात शांतता होते ती खेळाच्या धाकाने. मी स्वतःला मोठा गुपित राखणारा समजत होतो, आणि अख्खा पब माझ्यापेक्षा बरं राखत होता.

"पण तुमचा नियम?" नोराने विचारलं.

क्लिफ्टनने टॉवेलची घडी सरळ केली. "खडूवाल्याने कुठे मारायचं ते सांगू नये, असा नियम आहे. बोर्डाने सांगू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. मी काल रात्री पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं."

"आणि ते आलेच नाहीत तर?"

"येईल. आता त्याच्या दारात जाऊन सांगतो, की माझ्या हातून बोर्ड भिजला. सात वर्षं सगळ्यांचं ऐकून घेतलंय त्याने. मला चार शब्द ऐकवायची संधी तो सोडतोय होय?"

नोराने डोळे पुसले आणि बशी पुढे केली. "थोडं आठाच्या घराकडेही जाऊ द्या पाणी. जुन्याचं पोट तिथवर होतं."

मंगळवारी साडेसहाला माझ्या डोक्यावरची फळी वाजली. ते पाऊल मी ओळखलं. पाठोपाठ आवाज आला.

"काय इन्स्पेक्टर, बोर्डाला साबण लावलास की नाही?"

असा हशा झाला की वरची धूळ माझ्यावर पडली. मग खेळ सुरू झाला. बऱ्याच वेळाने गाणी बंद झाली आणि वर एक ग्लासही टेबलाला लागला नाही.

"किती उरले?" विल्फने विचारलं.

"बत्तीस," क्लिफ्टन म्हणाला. पुढे एक अक्षर नाही.

टक. घरांबाहेरच्या कडेला गेला, तिथे गुण नसतात. मग बराच वेळ काही नाही. टक. तोही कडेलाच. मी घायपाताचा, मला श्वास नसतो, पण तेव्हा धरला.

भद्द.

"डाव संपला," क्लिफ्टनचा आवाज आला, आणि तो पुन्हा चिरकला.

आता माझं काही राहिलं नाही. तळघर आवरायला घ्याल तेव्हा एवढंच करा, मला जाळू नका आणि फेकूही नका. चार-सहा वर्षांनी पट्टी घेऊन पुन्हा कुणीतरी येईल, पुन्हा नवा बोर्ड आणावा लागेल. तो किती भिजवायचा, त्याचं माप माझ्या पोटावर आहे.