गणिताचा पहिला तास

खट्.

कडी लागली आणि उजाडत्या चाळीच्या शांततेला तडा गेल्यासारखं झालं. जया दाराबाहेर श्वास रोखून उभी राहिली. आत चार वर्षांची वैशू झोपली होती, नेहमीसारखा एक पाय पांघरुणाबाहेर टाकून.

"नाही उठत," शेजारची केसरबाई नळाखाली हंडा सरकवत म्हणाली. "पोर झोपेल आहे. जा व माय. घडीभरात तिचा बाप येतोच. मी थांबले असते, पण गलोंड्याच्या कारखान्याचा टेम्पो काय माझ्यासाठी थांबतो?"

या चाळीत बाहेरून कडी लागायची ती मस्ती करणाऱ्या पोरांना कोंडायला. वैशूला ती कधीच लागली नव्हती.

लग्नानंतर पाच वर्षांनी जयाला वापीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तिला केमिस्ट्री हवी होती, नावापुरती नाही, पूर्ण. कारखान्याच्या लॅबमध्ये पांढरा कोट घालून उभं राहता येईल इतकी. पण कॉलेजातल्या प्रभाकर सरांनी प्रवेशाच्या दिवशीच सांगितलं होतं, "शेवटच्या वर्षी पूर्ण केमिस्ट्री घ्यायची तर आत्ता गणित घ्यावं लागेल. वनस्पतिशास्त्राकडे गेलात की तो रस्ता बंद."

गणिताचा तास भल्या सकाळी, सगळ्यांत पहिला.

आणि भास्कर? त्या भल्या माणसानं तर प्रवेश झाल्याच्या आनंदात परस्पर कायमची रात्रपाळी मागून घेतली होती. "तुझं कॉलेज दिवसा ना? मग मी रात्रीच मशीनवर मरतो. दिवसा पोरगी माझी!" त्याची दिवसपाळी त्याच्याच खात्यातल्या वाल्मिकला मिळाली. तेवढ्या भरवशावर वाल्मिकनं चाळीसगावहून बायको आणली, खोली घेतली. आता कुठल्या तोंडानं परत मागायची?

वेळापत्रक लागलं तेव्हा कळलं, भास्कर नरोलीच्या कारखान्यातून सुटायच्या आत वापीची बस निघून जाते. त्यानं डोकं खाजवलं. "गणिताऐवजी दुसरं काही नसतं का गं?"

"असतं की. झाडंपानं."

"मग ते घे. बाजारात भाजी तरी नीट निवडशील."

दोघंही हसली होती. नंतर तो कूस बदलून झोपला आणि ती भिंतीकडे बघत राहिली.

विषय आज पक्के होणार होते. गणिताच्या पहिल्या तासाला जो बसेल, त्याचं गणित.

नाक्यावर बसचा हॉर्न वाजला. जया पिशवी सावरत निघाली. कोपऱ्यावर पोचली तेव्हा बसचे दिवे अंगावर आले. कंडक्टर दारातून ओरडला, "चलो बेन, जल्दी!"

मागून, चाळीतून आवाज आला. रडण्याचा नाही. दार हलवल्याचा. एकदा, मग थांबून पुन्हा, जरा हळू.

जयाचा एक हात बसच्या दांडीवर होता. तो तिनं काढला.

"आना नहीं तो बताना था ना!" कंडक्टरनं घंटी ओढली. ती धावत परतली तोवर धूर रस्त्यावर पसरला होता. केसरबाई टेम्पोसाठी निघून गेली होती आणि तिचा हंडा नळाखाली भरून वाहत होता.

तिनं कडी काढली. वैशू उंबऱ्याच्या आत उभी होती, फ्रॉकचं टोक तोंडात धरून. डोळे कोरडे होते. आईच्या खांद्यावरची पिशवी तिनं पाहिली, मग ती कडीकडे बघत राहिली.

"आई, मी काय केलं?"