सतराचा पाना

तेल सोडायचा प्लग फिरत होता, पण सुटत नव्हता. गाडीखाली पाठीवर पडलेल्या भिमाजी मिस्त्रींनी पाना बाजूला ठेवला आणि नुसत्या दोन बोटांनी प्लगच्या डोक्याला एक फेरा दिला. ते बिनदिक्कत फिरले. मग त्यांनी डोक्याखाली पेचकस रेटून प्लग खाली ओढून घेतला आणि काळे तेल घमेल्यात कोसळले. तेलाबरोबर पितळेचा कीस आला. दुपारच्या उन्हात तो क्षणभर चमकला आणि तळाशी गेला.

"काय दुखणं हाय, मिस्त्री?" बाहेर खुर्चीवर बसलेल्या अर्जुनरावांनी विचारले. पिंपळे गुरवचे हे बागाईतदार. ही जुनी विलायती मोटार म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

"तेलाच्या चेंबरचे आटे गेले. प्लग धरत नाही."

"जायचेच की! सात वर्षं गळतंय ते. आमच्या ओट्यापुढं ह्यो एवढा डाग पडलाय. मंडळी म्हणत्यात, मोटार कुठं गेली ते विचारायला नको, थेंब बघत जावं." अर्जुनराव आपल्याच विनोदावर हसले. "किसनानं बसवलेला ना तो बुश?"

"व्हय. पोराचं काम, दुसरं काय."

हे वाक्य मिस्त्रींच्या तोंडी इतके रुळले होते की ते उच्चारताना त्यांना श्वासदेखील घ्यावा लागत नसे. कारखान्यामागेच त्यांचे घर होते. त्याच्या दारातून चहाचे दोन पेले घेऊन चतुराबाई येत होत्या. त्या उंबऱ्यावर जागच्या जागी थांबल्या. मग पुढे येऊन त्यांनी एक पेला अर्जुनरावांच्या हाती दिला, दुसरा नवऱ्याच्या हाती न देता फळीवर ठेवला आणि आल्या पावली परत गेल्या.

"पाचला येतो," अर्जुनराव उठत म्हणाले. "उद्या पहाटं ओतूरला निघायचंय, लेकीला बाळंतपणाला आणायला. अवघडलेली पोर हाय. वाटेत इंजिनानं मान टाकली तर तोंड दाखवायला जागा न्हाई."

ते चिंचवड स्टेशनच्या दिशेने गेले. मिस्त्रींनी उजेडासाठी बॅटरी घेतली आणि पुन्हा गाडीखाली शिरले.

सात वर्षांपूर्वी याच गाडीखाली किसन असा पडला होता. पिंपरीच्या एका कंपनीत तो टर्नर होता आणि गुरुवारच्या सुट्टीला बापाच्या हाताखाली राबत असे. चेंबरच्या भोकाचे मूळचे आटे झिजले होते. भोक वाढवून जाडा प्लग ठोकावा, हे मिस्त्रींचे मत. पोराने मात्र सांगितले नाही की सवरले नाही. कंपनीतून पितळेचा बुश, म्हणजे भोकात बसणारी आतून आटे पाडलेली नळी, आणि त्याच्या जोडीचा प्लग स्वतः घडवून आणला आणि बसवून मोकळा झाला.

"हे ठिगळ कुणी सांगितलं होतं लावायला?"

"नाना, टिकंल हे. फकस्त प्लग मातुर हाच ठिवा. दुसरा लावू नका, कारण ह्याचे—"

"आता तू मला प्लग शिकवणार? तुझा जन्म व्हायच्या आधीपासनं इंजिनं खोलतोय मी!"

किसनने वाक्य पुरे केले नाही. वाढलेले ताट तसेच ठेवून तो सायकलवर निघून गेला. पुढचे गुरुवार तो आला नाही. दोन महिन्यांनी कासारवाडीजवळ एका ट्रकने त्याची सायकल उडवली, आणि गुरुवारांचा प्रश्नच मिटला.

त्या वर्षी गाडी तेल बदलायला आली तेव्हा मिस्त्रींचा एकही पाना पोराच्या प्लगला नीट बसला नव्हता. एक चढेना, दुसरा सैल पडे. साधे डोकेही धड घडवता आले नाही, असे म्हणून त्यांनी तो प्लग भंगाराच्या डब्यात टाकला आणि आपल्याजवळचा चांगला प्लग लावला. तो जरा जड गेला. त्यांनी पान्याच्या दांड्याला पाइप अडकवून तो आवळला. तेव्हापासून गाडी गळू लागली.

आज बॅटरीच्या उजेडात त्यांनी बुश निरखला. तोंडाकडचे आटे साफ उडाले होते, पण आत, खोल, पाचसहा आटे जसेच्या तसे होते. त्यांचा आखूड प्लग तिथवर कधी पोहोचलाच नव्हता. लांब प्लग मिळाला तर आजची वेळ निभावेल, या विचाराने त्यांनी भंगाराचा डबा जमिनीवर पालथा केला आणि एकेक प्लग लावून पाहू लागले. एखादा बाहेरच अडे, एखादा आत जाऊन नुसता हले.

अकरावा की बारावा प्लग उडालेल्या आट्यांवरून अलगद पुढे सरकला, आत जाऊन थांबला, आणि मग बोटांनी फिरू लागला. जोर नाही, करकर नाही. शेवटपर्यंत तो असा गेला, जणू वाट त्याच्या ओळखीची होती.

मिस्त्रींनी पाना उचलला. तो चढेना. दुसरा उचलला. तो सैल पडला.

ते गाडीखाली तसेच पडून राहिले. त्यांच्या आयुष्यातले प्रत्येक माप इंचात आणि सुतात होते. विलायती गाडीत दुसरे माप असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. कंपनीतल्या पोराने मिलिमीटरात आटे पाडले होते. ह्याचे आटे वेगळे आहेत, नाना. एवढेच तर त्याला सांगायचे होते.

बऱ्याच वेळाने ते घराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"किसनची पेटी दे."

तांदूळ निवडणाऱ्या चतुराबाईंचा हात थांबला. "कशाला?"

"पाना हवाय."

"सगळी भिंत भरलीया की तुमच्या पान्यांनी!"

"त्यातला एकबी बसत नाही," मिस्त्री म्हणाले. "चूक पान्याची नव्हती. प्लगाचीबी नव्हती."

चतुराबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. मग पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि कनवटीची किल्ली काढून उघडली. मिस्त्रींना वाटले होते, आत गंज असेल. पण प्रत्येक हत्यार तेलाचा हात फिरवून आपापल्या खाचेत ठेवलेले होते, आणि प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटे होती. दर खंडेनवमीला ते कारखान्यात पूजा करीत असताना घरात काय चाले, हे त्यांना आज कळले.

सतराचा पाना प्लगच्या डोक्यावर खटकन बसला. त्यांनी तांब्याचा वायसर तापवून मऊ केला, प्लग काढून पोराच्याच, आटे पाडायच्या टॅपने आतले आटे हलके साफ केले आणि तो परत लावून आवळला. पाइप लावला नाही. नवे तेल ओतून इंजिन सुरू केले आणि खाली कालचे वर्तमानपत्र पसरून ठेवले.

पाचला अर्जुनराव आले. वाकून त्यांनी कागद पाहिला. कागद कोरडा होता.

"वा, मिस्त्री! शेवटी तुमचा हात लागला, तवाच थांबली म्हणायची."

चतुराबाई दारात होत्या. मिस्त्री कापसाच्या बोळ्याने एकेक बोट पुशीत राहिले.

"माझा हात लागला म्हणून गळत होती, अर्जुनराव."

"आँ?"

"पोरानं जोडीचा प्लग दिला होता. मी तो फेकून भलत्याच मापाचा ठोकला. आटे मी खाल्ले, नाव त्याचं घेतलं. आज त्याचाच प्लग लावलाय."

अर्जुनरावांना कुठे पाहावे हे कळेना. "जाऊ द्या हो. जुनी गोष्ट झाली."

"जुनीच आहे. पण मी चारचौघांत बोलत आलो. तुम्हीबी चारचौघांत सांगा."

गाडी फाटकाबाहेर गेली. मिस्त्रींनी हातोडी घेतली आणि भिंतीवर, न चढणाऱ्या आणि सैल पडणाऱ्या पान्यांच्या मधोमध, एक खिळा ठोकला. पहिला घाव चुकला. दुसऱ्याला खिळा आत गेला. त्यावर त्यांनी सतराचा पाना टांगला.

चतुराबाईंनी जमिनीवरचे वर्तमानपत्र उचलले. उतरत्या उन्हाकडे धरून दोन्ही बाजूंनी निरखले. एकही ठिपका नव्हता. त्यांनी त्याची बारीक घडी घातली, घरात जाऊन पेटी उघडली आणि पान्याच्या रिकाम्या खाचेत ती बसवून ठेवली.