दुसरा मणका

ती पडदे शिवायची. एका गिऱ्हाइकाच्या घरी पडदा लावताना स्टुलावरून पडली आणि मानेचा दुसरा मणका मोडला. तेव्हापासून गळ्यात कडक कॉलर. हनुवटी वर, नजर समोर. पायाखालचं काही दिसेना. नवरा हात धरून न्यायचा, घास भरवायचा, केस विंचरायचा, रात्री तिने जरा हालचाल केली की दचकून उठायचा. तो शाळेची बस चालवायचा. रजा संपत आली होती आणि डोळे खोल गेले होते.

"वेणी वाकडी घातलीत," ती म्हणायची.

"तुला कुठे दिसतेय?"

"डोक्याला कळतं."

एवढं करूनही हाड जुळलं नाही. सर्जनने एक्स-रे उजेडासमोर धरला. "या मणक्याला वर दातासारखं टोक असतं. ते बुडातून तुटलंय. गळ्यापाशी लहानशी चीर देऊन, पडद्यावर एक्स-रे बघत एक स्क्रू बसवू. मोठी कापाकापी नाही, मानही बरीचशी वळेल. पण मागे लगेच मज्जारज्जू आहे. धोका नाहीच, असं नाही म्हणणार."

नवरा घाईने म्हणाला, "थोडे दिवस कॉलरच राहू दे. मी करतोय ना सगळं."

"म्हणूनच म्हणते," ती म्हणाली. "आरशात बघा जरा. आणि मलाही वीट आलाय छताकडे बघून. करून टाका, डॉक्टर."

ऑपरेशनच्या दिवशी मेव्हणीने आणलेला चहा त्याच्या हातातच गार झाला. सर्जन बाहेर आला आणि भिंतीला खांदा टेकून उभा राहिला. तोही दमला होता. "स्क्रू नीट बसलाय. हातपाय हलवतायत."

मेव्हणीला रडू फुटलं. त्याने नुसती मान डोलावली. आनंद व्हायलाही अंगात त्राण लागतं.

संध्याकाळी ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "झोपा आता."

"तुला काही लागलं तर?"

"नर्स आहे. बसल्याबसल्या डुलक्या काढताय, तुमचा काय उपयोग?"

तो बाकावर आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला.

हाड हळूहळू जुळलं. मान थोडी ताठच राहिली, पण ती पुन्हा मशीनवर बसली. तो कामावर गेला आणि पहिल्याच आठवड्यात तापाने फणफणला. ती उशाशी बसून राहिली. कुणीतरी उशाशी बसलंय, याचंच त्याला नवल वाटत होतं.