साबणाची तिसरी चिठ्ठी

रविवारचा पहिला चहा ताई कधीच गरम पीत नसत. पेपर आला की मधली पुरवणी ओढून काढायची, शेवटच्या पानावरचं आपलं सदर उघडायचं आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्यावरच कपाला हात लावायचा, असा त्यांचा अकरा वर्षांचा शिरस्ता होता. सदराचं नाव ‘हातासरशी’. जुन्या टॉवेलचं पायपुसणं, उरलेल्या पावाचा केक, संत्र्याच्या सालींचा मुरंबा, फाटक्या मोज्यांची बाहुली. घरात जे टाकायला निघालंय त्यातून जे होईल ते. लिहिलेलं तोंडपाठ असूनही त्या वाचत, आणि वाचताना अशी मान डोलावत की जणू दुसऱ्याच कोणा हुशार बाईने लिहिलंय.

या रविवारी घरगुती साबण होता. तिसऱ्या पायरीशी मान डोलायची थांबली.

‘३. कॉस्टिक सोडा थोडा थोडा करून पातेल्यात घालावा. ४. पातेल्यात गार पाणी ओतावे.’

ताईंनी पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं.  साबण करणाऱ्याला दुसरं काही येवो न येवो, एवढं यावंच लागतं की आधी पाणी आणि मग त्यात चिमूट चिमूट सोडा. उलट केलं, सोड्याच्या ढिगावर पाणी ओतलं, की ते जागच्या जागी उकळतं आणि उसळून सरळ तोंडावर येतं. आणि पातेल्यात नीट होतंय ना, हे बघायला माणूस नेमका त्याच वेळी वाकलेला असतो.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मी लोकांचे डोळे घालवले.”

“किती वाजता?” नवऱ्याने विचारलं. तो घड्याळजी होता. खिडकीशी बसून, डोळ्याला भिंग लावून, कुणाच्या तरी मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसला होता. कुठलीही बातमी आली की त्याला आधी तिची वेळ हवी असायची.

“चेष्टा नकोय. हे बघा.”

त्याने बघितलं. भिंग काढून पुन्हा बघितलं. मग भिंतीकडे बघितलं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या दोरीकडे, आणि भिंग परत डोळ्याला लावलं. तो बोलला असता तर ताईंना बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

ती दोरी म्हणजे ताईंच्या कामाची पद्धत. ओट्यावर एकेक पायरी करून बघायची, जमली की ती एका चिठ्ठीवर लिहायची आणि चिमट्याने दोरीला लावायची. सगळं झालं की डावीकडून उजवीकडे चिठ्ठ्या उतरवून कागदावर उतरवायच्या. “वहीत लिही की सरळ,” असं नवरा अकरा वर्षं सांगत आला होता, आणि “वहीत मागचं पान दिसत नाही, दोरीवर सगळी पाककृती एका नजरेत दिसते,” असं त्या त्याला अकरा वर्षं सुनावत आल्या होत्या. या खेपेला तिसरी चिठ्ठी ओली झाली होती. ती त्यांनी काढली, इस्त्रीने वाळवली आणि परत लावली. कुठे लावली, ते आता अख्ख्या शहराच्या हातात होतं.

त्यांनी पुरवणीवाल्याला फोन लावला. पुरवणीचं सगळं हाच पोरगेला गृहस्थ बघायचा. तिसऱ्या खेपेला त्याने उचलला.

“ताई, चूकभूल टाकतो ना पुढच्या रविवारी.”

“पुढच्या रविवारपर्यंत डोळे राहतील का लोकांचे?”

“बरं, उद्याच्या अंकात टाकतो. पहिल्या पानावर. चौकटीत. आणि नेटवरचं आत्ता बदलतो. झालं?”

“आणि आज? लोक रविवारीच करतात हो. रविवारीच वेळ असतो.”

 पलीकडून तो आवाज खाली आणून, घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, “ताई, रागावणार नसाल तर सांगू? कुणी करत नाही. लोक वाचतात, छान म्हणतात आणि पान डब्याखाली घालतात. आमच्या घरी तेच होतं. तुम्ही निवांत रहा. तरी मी ऑफिसात जाऊन बसतो एक वाजेपर्यंत. काही झालं तर फोन तिथेच येईल.”

ताईंनी फोन ठेवला. आधी वाटलं, देव करो आणि हा म्हणतो तसंच असो. मग वाटलं, मेल्याची जीभ झडो. दोन्ही एकदमच वाटलं, आणि दोन्ही खरं होतं, त्यामुळे त्या स्वयंपाकघरातून बाहेर आणि बाहेरून स्वयंपाकघरात अशा येरझाऱ्या घालू लागल्या. जाता जाता ओटा पुसला. परत येताना तोच पुसला.

“बस जरा,” घड्याळजी म्हणाला.

“बसवत नाही.”

“कुणी करत नाही म्हणतोय ना तो?”

“एक जण करतं,” ताई म्हणाल्या, आणि म्हणताक्षणीच कपाटाकडे वळल्या.

त्या एक जणीची कार्डं कपाटात होती. दर बुधवारी एक पोस्टकार्ड यायचं, पेन्सिलीचं, मोठं, जरा हललेलं, तरी शाळेच्या फळ्यावरच्या वळणाचं अक्षर. ‘पायपुसणे करून पाहिले. कडेची शिवण दुहेरी सांगायला हवी होती.’ ‘केक करून पाहिला. आपण दिलेल्या वेळेत मध्यभाग कच्चा राहतो, पाच मिनिटे वाढवावीत.’ खाली सही नाही, फक्त ‘एक निवृत्त शिक्षिका, वय ७४’ आणि पत्ता. कौतुकाचा शब्द औषधाला नाही. पण सांगितलेलं प्रत्येक काम त्या बाई रविवारीच करत आणि सोमवारी कार्ड टाकत, हे तारखांवरून स्पष्ट होतं. कुणी सदराला नाव ठेवलं की ताई ती कार्डं काढून दाखवत. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, एकटीच असणार, कमी दिसत असणार, आणि सांगितलेलं सांगितल्याबरहुकूम करणारी!

“मी जाऊन येते. तुम्ही फोनपाशी थांबा.”

“पण चप्पल तरी—” घड्याळजी म्हणाला. त्या दोन वेगवेगळ्या चपला घालून निघाल्या होत्या. जिन्यातून परत आल्या, एक बदलली आणि पुन्हा सुटल्या.

रविवारची बस म्हणजे नावालाच बस. स्टॉपवर ताई उभ्या राहिल्या, बसल्या, उठल्या. पेपर वाचत असलेल्या एका गृहस्थाच्या खांद्यावरून वाकून त्यांनी पाहिलं, तो खेळाचं पान वाचत होता. “पुरवणी वाचलीत?” त्यांनी विचारलं. “कसली पुरवणी?” तो म्हणाला. हे ऐकून त्यांना गृहस्थाला मिठी मारावीशी वाटली आणि दोन लगावून द्याव्याशाही वाटल्या. बस आली, तीही दर चौकात श्वास घेतल्यासारखी थांबत होती. ताई मनातल्या मनात बाईंबरोबर साबण करत होत्या. आता तेल कोमट होत असेल. आता पातेलं काढलं असेल. आता सोड्याची पुडी कात्रीने कापली असेल. तिसरी पायरी. प्रत्येक सिग्नलला त्या तिसऱ्या पायरीवर येऊन थांबत, आणि पुढचं डोळ्यांपुढे येऊ नये म्हणून परत तेलापासून सुरुवात करत.

दोन स्टॉप आधीच त्या उतरल्या आणि चालत सुटल्या, कारण चालताना निदान पाय तरी काहीतरी करत होते.

पत्त्यावरची इमारत सापडली. दुसरा मजला. घंटी दाबली. आतून काही नाही. पुन्हा दाबली. तरीही काही नाही. ताईंनी दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला सुरुवात केली तेव्हा आतून आवाज आला, “येतेय, येतेय. आग लागलीय का कुठे?” मग कडीशी बराच वेळ खुडबुड झाली आणि दार उघडलं.

ताईंनी आधी डोळे बघितले. दोन्ही शाबूत होते, आणि चिडलेले होते.

“मी... ‘हातासरशी’... ते मीच लिहिते. साबण केलात का? करू नका. तिसरी पायरी—”

“उलटी पडलीय,” बाई म्हणाल्या. “आत या. धापा टाकत दारात उभ्या राहू नका.”

ताईंचा जीव भांड्यात पडला. आत जाऊन त्या समोर दिसेल त्या खुर्चीवर बसल्या. टेबलावर पुरवणी होती, आणि तिसरी नि चौथी पायरी लाल पेन्सिलीने एकमेकींशी बाणांनी जोडलेल्या होत्या.

“तुम्हाला आधीच माहीत होतं? सोड्यावर पाणी घालायचं नसतं ते?”

“मला काय माहीत असणार साबणातलं? करताना कळलं.”

“करताना!” ताई उठल्याच. “मग लागलं नाही ना कुठे? भाजलं नाही ना?”

 बाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटांच्या सांध्यांच्या सुजून गाठी झाल्या होत्या, बोटं आत वळून एकमेकांवर चढली होती. ती बोटं कात्री धरणारी नव्हती, पातेलं उचलणारी तर नव्हतीच. पेन्सिल कशीबशी अंगठ्याच्या बेचक्यात बसत असेल, एवढंच.

“सात वर्षं झाली,” बाई म्हणाल्या. “जेवण शेजारीण देते. मी रविवारी इथे बसते आणि तुमचं वाचून एकेक पायरी करते. डोळे मिटून. भांडं कुठून काढलं, किती भरलं, कुठल्या हातात चमचा, सगळं. घाई करत नाही. केक मी पूर्ण वेळ भाजला, मध्ये सुरी घातली, सुरी ओली निघाली. आज सोडा टाकला, त्यावर पाणी ओतलं, आणि कसं कोण जाणे, दचकून मागेच सरले. खुर्चीसकट. म्हटलं, काहीतरी चुकलंय.”

“आणि ते ‘करून पाहिले’?”

“मग दुसरं काय लिहू? करत नाही असं लिहिलं असतं तर तुम्ही कार्ड वाचलं असतं?”

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. घड्याळजी होता.

“एक वाजून दोन मिनिटं,” तो म्हणाला. “पुरवणीवाल्याचा फोन आला होता. एक फोन आला म्हणे ऑफिसात.”

“कुणाचा? काय झालं?”

“एका बाईंचा. मागच्या शब्दकोड्याचं उत्तर चुकलंय म्हणून. तुझ्या साबणाबद्दल एकही नाही. त्याने दवाखान्यातसुद्धा विचारून घेतलं. कुठे काही नाही. ऐकतेयस ना? कुणाला काही झालेलं नाही.”

“बरं झालं,” ताई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. फोन पिशवीत ठेवला, पिशवीची चेन लावली, आणि त्यांना रडू कोसळलं. साधंसुधं नाही, खांदे हलवून, नाक ओढत.

बाईंनी रडू दिलं. मग वर्गातल्या मुलीला विचारावं तसं विचारलं, “आता काय झालं? कुणाला लागलं का?”

“नाही ना,” ताई म्हणाल्या. “म्हणूनच.”

 खोटं समजावणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्या म्हणाल्या, “तुम्हाला पाणी द्यायला हवं. पण टेबलावरच्या बाटलीचं झाकण सकाळपासून फिरलेलं नाही. शेजारीण संध्याकाळी येईल. तुम्ही उघडून घ्या.”

ताईंनी बाटली उचलली. झाकणावर हात ठेवला. आणि उघडली नाही.

त्यांनी डोळे पुसले, बाईंचे हात नीट निरखले, मग खोलीभर नजर फिरवली. खुर्चीच्या पाठीवर एक जुना सुती पंचा होता. ओट्याजवळ लाकडी चमचा होता. त्यांनी पंच्याची पट्टी फाडली, बाईंना न विचारताच. ती झाकणाभोवती दोनदा आवळली, गाठ मारली, गाठीपाशी फास ठेवला आणि फासात चमच्याचा दांडा घातला.

“बाटली गुडघ्यांत धरा. बोटं लावूच नका. दांडा मनगटाने ढकला.”

बाईंनी ढकललं. पट्टी घसरली.

“सैल आहे,” बाई म्हणाल्या.

ताईंनी पट्टी ओली करून आवळली. या खेपेला दांडाच निसटून जमिनीवर पडला.

“माझं उजवं मनगट इतकंच वळतं. डावं बरं आहे. हे तुम्हाला आधी विचारायला हवं होतं.”

“चुकलं,” ताई म्हणाल्या. त्यांनी फास दुसऱ्या बाजूला घेतला, दांडा आखूड धरला, गाठ बदलली. कुठे काही लिहून घ्यायचं त्यांना सुचलं नाही. तिसऱ्यांदा झाकण केसभर हललं आणि अडलं. बाईंच्या कपाळावर घाम आला होता, ओठ आवळले गेले होते. ताईंचे हात आपोआप पुढे झाले.

“मध्ये हात घालू नका,” बाई म्हणाल्या.

ताईंनी हात मागे घेतले आणि ते कुठे ठेवावेत हे न कळून मांडीखाली दाबून धरले. बाईंनी डावं मनगट दांड्याला टेकवलं, श्वास घेतला आणि सगळं अंग घालून ढकललं. झाकण फिरलं. थोडं पाणी त्यांच्या मांडीवर सांडलं, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी झाकण परत लावलं, दांड्याने घट्ट केलं, आणि पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा उघडताना त्यांनी ताईंकडे पाहिलंसुद्धा नाही.