जोर कुठं लावायचा

सोनाबाईने मुसळ हातात घेतलं, तेव्हा सोलापूरच्या नवी पेठेतल्या चटणीच्या दुकानासमोर पन्नास-साठ माणसं तरी जमली होती. दसरा चार दिवसांवर आलेला, खरेदीची झुंबड, त्यात रिक्षांचे हॉर्न. आणि एवढ्या गर्दीत एकालाही ठाऊक नव्हतं की ही बाई गेल्या अर्ध्या तासात दुकानामागच्या संडासात दोनदा जाऊन आली आहे. पहिल्यांदा गरज होती. दुसऱ्यांदा नुसती धाकधूक.

उखळ दुकानाच्या पायरीशीच मांडलं होतं. शिवशरण अण्णांनी त्याला झेंडूची माळ घातली होती आणि स्वतः नवा सदरा चढवला होता. अण्णा म्हणजे दुकानाचे मालक. शेंगाचटणीचा त्यांचा धंदा वडिलांपासूनचा, आणि सोनाबाई त्यांच्याकडे कांडायला लागली त्याला बावीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं हे कांडणं मागच्या खोलीत, दार लोटून चालायचं. पण यंदा अण्णांनी यंत्र आणलं आणि यंत्राच्या चटणीला तसं तेल सुटत नाही म्हणून जुनी गिऱ्हाइकं नाकं मुरडू लागली. तेव्हा अण्णांनी ठरवलं की चटणी दारातच, लोकांच्या डोळ्यांदेखत कांडायची. ते जमलं तर उखळ राहील. नाही जमलं तर उखळ अडगळीत आणि सोनाबाई पाकिटं भरायला.

सोनाबाईला पाकिटं भरायची नव्हती. चटणी कांडण्यात आपला हात धरणारं सोलापुरात कुणी नाही, असं तिचं स्वतःचं मत होतं आणि ते ती लपवतही नसे. तरी आषाढात अण्णांनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तिने झटकन नाही म्हणून टाकलं. आठ दिवसांनी आपणहून गेली आणि म्हणाली, तीन महिन्यांनी करते. अण्णा चक्रावले. तीन महिन्यांनी कशाला, मुहूर्त काढलायस का, अशी थट्टाही त्यांनी करून घेतली. सोनाबाई त्यांना काय सांगणार, कपाळ?

गोष्ट अशी होती की पंधरा वर्षांपूर्वीच्या तिसऱ्या बाळंतपणापासून सोनाबाईला लघवी धरवत नव्हती. खोकलं, शिंकलं, हसलं, मुसळ आपटलं, की साडी ओली. आणि धंदा कसला, तर लाल तिखटाचा. दिवसातून वीस वेळा ठसका. ती गडद रंगाच्याच साड्या नेसायची, आत जुन्या धोतराची घडी ठेवायची आणि पिशवीत दोन साड्या जास्तीच्या न्यायची. दिवसभरात जेमतेम दोन पेले पाणी प्यायची, मग जळजळ व्हायची ती वेगळीच. जेऊरला माहेरी जाणं सुटलं होतं. बार्शीला भाचीचं लग्न झालं, तिथे गेली नाही आणि बहीण वर्षभर रुसून बसली. मागच्या खोलीत दाराआड कांडायचं म्हणून निभावलं होतं. आता भर पेठेत, लोकांपुढे, कसं करणार होती?

बरं, तिने उपाय केला नव्हता असंही नाही. उन्हाळ्यात वस्तीतल्या सभेत आशाताईंनी सांगितलं होतं की खालचे स्नायू सैल पडले की असं होतं, त्यांना जोर लावायचा व्यायाम असतो. सोनाबाईने ते मनावर घेतलं. जोर कसा लावायचा हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. बावीस वर्षं ती एकच जोर लावत आली होती. छाती भरून श्वास घ्यायचा, तोंड मिटायचं, पोट ताठ करायचं आणि मुसळाबरोबर सगळं अंग खाली दाबायचं. तिन्ही बाळंतपणांत सुईणीनेही हाच जोर मागितला होता. तेव्हा तिने व्यायामही तसाच केला, मुसळाच्या दर घावाला एक, अगदी इमानेइतबारे. महिन्याभरात दिवसाला दोन साड्या लागायच्या, त्या चार लागू लागल्या.

अण्णांना नाही म्हणून आली आणि तिला स्वतःचाच असा संताप आला की दुसऱ्या दिवशी तिने सरकारी दवाखान्याचा रस्ता धरला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, पोट दाबून बघितलं आणि तिला व्यायाम शिकवणाऱ्या झीनत मॅडमकडे पाठवलं. झीनत मॅडम तिशीच्या, डोक्यावर ओढणी, बोलणं झपझप. त्यांनी पडदा ओढला, हातमोजा घातला, आतून बोट लावून बघितलं आणि म्हणाल्या, आशाताईंनी सांगितलेलं करून दाखवा. सोनाबाईने दात आवळून करून दाखवलं.

"ताई, ढकलताय की तुमी," मॅडम म्हणाल्या. "ढकलायचं नाही. वर ओढायचं."

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाशय, सगळा भार त्या झोळीवर. तीन बाळंतपणं झाली, सव्वा महिना पुरा व्हायच्या आत तुम्ही परत मुसळ धरलं, वर रोजचा ठसका, पोट साफ होत नाही म्हणून कुंथणं, आणि आता पाळी जायचं वय. झोळी सैल पडणारच. आणि तुम्ही औषध म्हणून तिच्यात आणखी धोंडे टाकत बसलात.

मग वर ओढायचं म्हणजे नक्की काय, असं तिने विचारलं. झीनत मॅडमनी सरळ विचारलं, "चार माणसांत वारा सरायला आला तर कसं धरता? तसंच. आन् तसंच पुढचंबी."

यावर सोनाबाई खो खो हसली, आणि हसताना तिथे टेबलावरच तिला लघवी झाली. मग ती रडली. पंधरा वर्षांचं रडणं होतं ते, लवकर थांबेना. मॅडमनी कोरडं कापड दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि रडणं ओसरल्यावर म्हणाल्या की आधी आवळायचं, मग हसायचं. शिंकेचं पण तसंच. तीन महिने तरी लागतील, पण रोज करायला हवं.

सोनाबाईने रोज केलं. आधी आडवं पडून, गुडघे मोडून. पाच आकडे धरायचं, सोडायचं, तेवढाच विसावा, असं दहा वेळा. मग दहा वेळा भराभर. दिवसातून तीनदा. श्वास मात्र कोंडायचा नाही, आणि हेच तिला सगळ्यात जड गेलं. मग बसून, मग उभ्याने. पाणी नीट प्यायचं. तिसऱ्या महिन्यात मॅडमनी तिच्या हातात एक काठी दिली आणि कांडताना श्वास कसा सोडायचा ते दाखवलं. मुसळ वर असताना झोळी ओढून घ्यायची आणि मुसळ खाली येताना तोंडाने श्वास सोडायचा.

घरात हे सगळं कळायला वेळ लागला नाही. तिची सासू रंभाबाई बहात्तरीची, करड्या शिस्तीची. भर दुपारी सून चटईवर पडून आढ्याकडे बघते आणि ओठांत आकडे मोजते, हे तिला सहन होईना. सोनाबाईने शेवटी खरं ते सांगितलं, तर म्हातारी भडकलीच. "असलं कुनी परक्याला दावतं व्हय?" ती म्हणाली. "बायांच्या जल्माला हे लागलेलंच हाय. आमी न्हाय सोसलं?" आणि भिंतीकडे तोंड करून बसली. दोन दिवस सुनेशी बोलली नाही.

तर असं सगळं होऊन आज सोनाबाई पेठेत उभी होती. उखळात भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ पडलं होतं. अण्णांनी मान हलवली. तिने मुसळ उचललं.

पहिले आठ-दहा घाव फारच जोरात बसले. कुणीतरी मोबाइल उंच धरला, दोन पोरींनी टाळ्या वाजवल्या, आणि सोनाबाईच्या अंगात असं काही वारं शिरलं की तिने जुनाच श्वास कोंडला आणि जुनाच जोर लावला. खाली जडपणा दाटून आला. तो तिला चांगला ओळखीचा होता. तिने मुसळ वर नेलं आणि क्षणभर वरच धरलं. लोकांना वाटलं, ही तिची ढब असेल. तिने झोळी ओढून घेतली, तोंड उघडलं आणि हा करून श्वास सोडत मुसळ खाली आणलं.

आता बसलं. हा, घाव. हा, घाव. हात हलके झाले, कंबर मोकळी झाली. लसणाचा वास सुटला, शेंगदाण्याचा रवाळ चुरा उखळाच्या कडेला चढू लागला, ती तो डाव्या हाताने आत लोटत होती आणि तेवढ्यात पुन्हा मुसळ. बायका पुढे सरकल्या. सोनाबाईला मजा यायला लागली. गालांवरून घाम वाहत होता आणि ती हसत होती, लोकांपुढे, दात दिसेपर्यंत. तांबूस गोळा चकाकायला लागला, तेल सुटलं.

तेवढ्यात तिखटाचा भपकारा तिच्या नाकात गेला.

शिंक येतेय हे कळायला आणि यायला मध्ये असतो तेवढाच वेळ. सोनाबाईने मुसळ उखळात टेकवलं, पाय रोवले, सगळं बळ एकवटून वर ओढलं आणि पदर नाकाशी धरला. शिंक आली. दुसरी आली. पाठोपाठ तिसरी, आणि वर ठसका. तिचं सगळं लक्ष खालीच लागलं होतं. काही नाही. कोरडं. खडखडीत कोरडं.

आपल्याला नाचावंसं वाटतंय, हे सोनाबाईच्या लक्षात आलं आणि तिने ते कसंबसं आवरलं. मग तिने एक घाणा उरकला, पेलाभर पाणी घेतलं आणि दुसरा घातला. गर्दी हलेना. दुपारपर्यंत दारातली चटणी संपली, आणि यंत्राची पाकिटं रांगेत तशीच बसून राहिली. अण्णा इतके खूश झाले की म्हणाले, उद्यापासून रोज. सोनाबाईने त्यांना एक अट घातली. दर तासाभराने ती थोडी थांबणार, आणि मागच्या संडासाला कुलूप नको. अण्णांनी का म्हणून विचारायला तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

घरी ती जवळजवळ पळतच आली. रंभाबाई सुपात डाळ निवडत बसली होती. सोनाबाईने पिशवीतल्या दोन्ही साड्या, सकाळी ठेवल्या तशा घडीच्या घडी, सासूपुढे ठेवल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गर्दी, टाळ्या, तीन शिंका. म्हातारी चिडेल याची तिला आज पर्वा नव्हती.

रंभाबाई चिडली नाही. निवडलेलीच डाळ ती पुन्हा निवडत राहिली. मग म्हणाली, "एकबी थेंब न्हाय?"

"न्हाय, आत्याबाई."

रंभाबाईने सूप खाली ठेवलं. "माजं अंगच भायेर येतंय, सोने," ती म्हणाली. "धाकट्याच्या येळंपासनं. हातानं आत सारती, कापाड बांदती आन् उटती."

धाकटा दीर यंदा चाळिशीचा झाला होता. सोनाबाई तिच्याजवळ खाली बसली. चाळीस वर्षं या बाईने पाणी भरलं, शेतात खुरपलं, तिन्ही नातवंडं कडेवर वागवली, आणि सुनेवर खेकसताना एकदाही आवाज कापू दिला नाही. तिने सासूचा हात धरला. आतापर्यंत तो तिने कधी धरला नव्हता.

मग तिने झीनत मॅडमकडून ऐकलं होतं ते सांगितलं, की गर्भाशय एवढं खाली उतरल्यावर नुसता व्यायाम पुरणार नाही, पण दवाखान्यात आत एक कडी बसवतात, तिने आधार मिळतो. गरज पडली तर ऑपरेशनही असतं. उद्या कामावर जायच्या आधी दोघी रिक्षाने जाऊ.

"तपासाया बाईच हाय न्हवं?"

"बाईच हाय. मी आत थांबते तुमच्याजवळ."

रंभाबाई उठली. एक हात पोटाखाली धरून ती हळूहळू ट्रंकेपर्यंत गेली, तळातून लग्नकार्याला नेसायचं इरकली लुगडं काढलं, झटकलं आणि दोरीवर टाकून त्याच्या चुण्या हाताने साफ करत राहिली. दवाखाना किती वाजता उघडतो, असं तिने दोनदा विचारलं.