पुलापलीकडे नेलेला चेंडू

मी एक जुना चेंडू आहे, मित्रांनो. तुमच्या चेंडूसारखा गोल नाही. दोन्ही टोकांना निमुळता, तपकिरी चामड्याचा. ओहायोतल्या एका कारखान्यात बायकांनी मला आधी उलटा शिवला, मग वाफेवर मऊ करून फटीतून ओढून सुलटा केला. पोटात हवा भरली तेव्हा मला वाटलं, आता आपल्याला सगळं जग झेलणार!

पेनसिल्व्हेनियात एका नदीच्या दोन काठांवर हार्विल आणि स्लेट फेरी ही पोलादाच्या भट्ट्यांवर जगणारी गावं. दरवर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सकाळी त्यांच्या शाळांची फुटबॉलची फायनल व्हायची, चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकी फुटबॉलची. घरी टर्की भाजायला टाकून माणसं मैदानावर यायची. फायनलचा चेंडू कायमचा जिंकलेल्या शाळेचा. मात्र तो पोहोचवायचा हरलेल्या कर्णधारानं, चिखलाच्या कपड्यांनिशी, पूल चालत ओलांडून. पलीकडे जिंकलेलं गाव दुतर्फा उभं राहायचं आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

माझी फायनल शेवटची ठरली. दोन्ही शाळा एक होणार होत्या. हार्विलचा कर्णधार लॅडी ह्रुस्का मला छातीशी कवटाळून धावला. गुण मिळवून देणारी शेवटची रेषा हातभर उरली असताना तिघांनी त्याला चिखलात लोळवलं. शिट्टी झाली. हार्विल हरलं.

तेवढ्यात बातमी आली, भट्टीच्या फाटकाला टाळं लागलं. सगळी माणसं, जिंकलेली आणि हरलेली, तिकडं धावली.

"राहू दे रे लॅडी," त्याचा दोस्त म्हणाला, "आज कोण बघतंय? देऊ नंतर बसनं पाठवून."

"बघायला कुणी नाही म्हणून आपण जिंकलो का?" लॅडी म्हणाला आणि मला घेऊन निघाला.

पूल मोकळा होता. पलीकडेही कुणी नव्हतं. स्लेट फेरीच्या शाळेत फक्त स्वयंपाकघरातला दिवा लागला होता. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मिसेस कोत्सुर, चेंडू घेऊन येणाऱ्यासाठी दरवर्षी करायच्या त्या कोबीच्या सूपचं पातेलं घेऊन बसल्या होत्या.

"आलास होय! म्हटलं, यंदा सूप मलाच प्यावं लागतंय."

"टाळ्या कुठायत, मिसेस कोत्सुर?" लॅडीनं हसायचा प्रयत्न केला.

त्यांनी हातातला डाव खाली ठेवला आणि एकटीनंच टाळ्या वाजवल्या. बराच वेळ वाजवल्या. पुलावर न रडलेला लॅडी तेव्हा रडला.

माझ्या अंगावर पांढऱ्या रंगानं गुण लिहून मला काचेच्या कपाटात ठेवलं. मग शाळा रिकामी झाली. नव्या शाळेच्या अडगळीत, फाटक्या जाळ्यांखाली मी जाऊन पडलो. बाहेर सामने होत. शिट्टी ऐकू आली की माझी शिवण ताणल्यासारखी व्हायची. मला घ्यायला कुणी येत नसे.

फार वर्षांनी दार उघडलं. नव्या कोचबरोबर काठी टेकत एक म्हातारा आला. हातांवरून मी ओळखलं. लॅडी!

त्यानं मला बाहीनं पुसलं. रंग कधीच उडाला होता. पंपानं हवा भरून पाहिली. ती सूं करत निघून गेली.

"घेऊन जा हो आजोबा," कोच म्हणाला. "इथं कुणाला नकोय."

मित्रांनो, त्या क्षणी मला किती वाटलं, हा नेईल! लॅडीनं मला छातीशी धरलंही. मग हळूच फळीवर ठेवलं.

"कसा नेऊ? आम्ही हरलो होतो," तो म्हणाला. "जिंकलेल्यांचा आहे तो. तुम्हीच सांभाळा."

तो गेला. दार लागलं.

मला त्याचा राग नाही आला. माझा मान राखणारा तो एकटाच उरला होता. मित्रांनो, तुमच्याही शाळेत एखादं धूळभरलं कपाट असेल. कधीतरी ते उघडा. आतल्या वस्तू हातात घ्या आणि कुणातरी मोठ्या माणसाला विचारा, हे कुणी जिंकलं होतं? आणि हरलं कोण होतं, तेही विचारा.